बँकॉकमध्ये एकट्याने: पहिले दोन दिवस बिनघोर घालवण्याची कृती

तिकीट काढलंत ना? छान! बँकॉक एकट्या माणसाला अवघड शहर नाही. तिथे दांडगाईपेक्षा गोड बोलण्यालाच जास्त जपायचं. आपणहून जवळ आलेल्याला हसून नाही म्हणायचं, आणि मदत हवी असेल तेव्हा माणूस आपण निवडायचा. एवढं धरून चला, आणि मधली पायरी गाळू नका.

निघण्याआधी

१. थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड भरा. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ते ऑनलाइन भरायचं असतं आणि ते फुकट आहे. साइट पैसे मागत असेल तर ती खोटी. तिथून बाहेर पडा.

२. पासपोर्टच्या दोन झेरॉक्स काढा. एक बॅगेत, एक घरी. फोटो स्वतःला ईमेलही करा, कारण फोन हरवला की त्यातला फोटोही गेला.

३. पैसे तीन ठिकाणी ठेवा. एक कार्ड आणि दिवसापुरते पैसे पाकिटात, दुसरं कार्ड सामानात, उरलेली रोकड चोरखिशात.

४. फोनमध्ये 1155 सेव्ह करा. हा टुरिस्ट पोलिसांचा नंबर. चोवीस तास लागतो आणि तिथे इंग्रजी चालतं.

५. हॉटेलचा पत्ता थाई लिपीत मागवा. त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. बऱ्याच टॅक्सीवाल्यांना इंग्रजी पत्ता वाचता येत नाही.

६. घरच्यांशी मेसेजची वेळ ठरवा. बँकॉक आपल्यापेक्षा दीड तास पुढे. तिथले रात्रीचे दहा म्हणजे इथले साडेआठ. ‘जमेल तसं कळवतो’ असं सांगू नका, घरचे उगाच जिवाला घोर लावून बसतात.

सुवर्णभूमी विमानतळावर

७. सिम घ्या. आगमन कक्षात काउंटर आहेत, पासपोर्ट दाखवावा लागतो. इंटरनेट सुरू झालेलं बघितल्याशिवाय काउंटर सोडू नका. काढलेलं आपलं सिम चेनच्या कप्प्यात टाका. बँकेचा ओटीपी लागला तर तेच परत घालायचंय.

८. तळमजल्यावर उतरा. वाटेत ‘टॅक्सी? टॅक्सी?’ करत कुणी बॅगेला हात घालेल. पाय थांबवू नका, त्याच्याशी भावही करू नका.

९. यंत्रातून टॅक्सीची चिठ्ठी घ्या. तिच्यावर रांगेचा नंबर असतो, त्या नंबरच्या टॅक्सीकडे जा. चिठ्ठीचा फोटो घरी पाठवा. ड्रायव्हरने मागितली तरी ती देऊ नका; तक्रार करायची वेळ आली तर तोच तुमचा पुरावा.

१०. पासपोर्टची बॅग मांडीवर घ्या. डिकीत फक्त कपड्यांची बॅग.

११. मीटर टाकलेलं बघा. सुरुवात 35-40 बाटपासून होते. वर विमानतळाचे 50 बाट आणि टोल द्यायचा, ते रास्त आहे. ‘मीटर नाही, ठरावीक पैसे’ असं ऐकलंत की गाडी सुटायच्या आत उतरा. (दिवसा पोहोचलात आणि सामान हलकं असेल तर टॅक्सीच्या भानगडीत पडूच नका. एअरपोर्ट रेल लिंकने फाया थाईला जा, तिथून बीटीएस ही शहरातली उन्नत रेल्वे मिळते.)

खोलीवर

१२. दार आतून लावून बघा. कडी बसत नसेल तर बॅग उघडण्याआधीच दुसरी खोली मागा. संकोच कसला? पैसे दिलेत!

१३. मूळ पासपोर्ट लॉकरमध्ये ठेवा. बाहेर जाताना झेरॉक्स न्या.

दुसऱ्या दिवशी, ग्रँड पॅलेसला

१४. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. नाहीतर दारातच अडवतील.

१५. मेट्रोने सनाम चाय स्टेशनला उतरा. तिथून राजवाडा चालत जाण्याजोगा आहे.

१६. बॅग आणि फोन रस्त्याच्या उलट बाजूला धरा. मोटरसायकलवरून हिसकावणाऱ्याचा हात तिथवर पोचत नाही. फुटपाथवरही मोटरसायकली येतात, तेव्हा मागे कान असू द्या.

१७. ‘आज पॅलेस बंद आहे’ म्हणणाऱ्याला ओलांडून पुढे जा. ही बँकॉकची जुनीच युक्ती. माणूस नीटनेटका, इस्त्रीचा शर्ट, कधी गळ्यात ओळखपत्रही. ‘आज बौद्ध सण आहे, दुपारी उघडेल’ असं अगदी कळकळीने सांगतो. मग नकाशावर दुसरं देऊळ दाखवतो, आणि योगायोगाने शेजारी टुकटुक उभीच असते, फक्त 20 बाटमध्ये! ती टुकटुक रत्नांच्या नाहीतर सूट शिवणाऱ्याच्या दुकानात नेते, आणि तिथून मोकळ्या हाताने निघणं कठीण. वाद घालू नका, ‘थँक यू’ म्हणा आणि चालत राहा.

१८. तिकीट खिडकीवरच चौकशी करा. पॅलेस सकाळी 8.30 ते दुपारी 3.30 उघडा असतो. राजघराण्याच्या समारंभासाठी क्वचित बंद ठेवतात, पण ते खिडकीवर कळेल, रस्त्यावर नाही.

संध्याकाळी

१९. तळमजल्यावरच्या, भाव लिहिलेल्या बारमध्येच बसा. पाटपाँग या बारच्या गल्लीत ‘वर या, शंभर बाट’ म्हणणाऱ्यांचं खरं बिल उठताना कळतं.

२०. पेला नजरेआड झाला तर सोडून द्या. नवा मागवा.

२१. मध्यरात्रीच्या आत गाडी पकडा. बीटीएस साधारण बाराला थांबते. उशीर झालाच तर ग्रॅब ॲपवरून गाडी बोलवा आणि नंबर जुळल्याशिवाय दार उघडू नका.

पासपोर्ट हरवलाच तर

२२. आधी पोलिसांत तक्रार नोंदवा. ठाणं सापडत नसेल तर 1155. कागद हातात घेतल्याशिवाय निघू नका, पुढचं सगळं त्यावर अडतं.

२३. मग सुखुमवित सोई 23 वरच्या भारतीय दूतावासात जा. तक्रार, झेरॉक्स आणि फोटो बरोबर न्या. परतण्यासाठी इमर्जन्सी सर्टिफिकेट तिथेच मिळतं. ते घेऊन थाई इमिग्रेशनमध्ये काय करायचं, हे विचारूनच बाहेर पडा.