अदृश्य मळ

मी लहान असताना आमच्या अर्जुनी मोरगावात धानाची कापणी आटोपली, की कल्हईवाला येत असे. पिंपळाच्या पाराजवळ तो लहानशी भट्टी मांडी व भात्याने निखारे फुलवी. आम्हां मुलांचे डोळे चकाकणाऱ्या कथलाकडे लागलेले असत. पण कल्हईवाल्याला मुळीच घाई नसे. तो पितळेचे पातेले आधी वाळूने घासी, मग तापवून त्यात नवसागराची पूड टाकी आणि कापसाच्या बोळ्याने आतून स्वच्छ पुसून काढी. कथलाची पाळी त्यानंतर येई. एकदा आमच्या पातेल्याच्या तळाशी काळा ठिपका राहिला होता. ‘‘एवढ्याने काय होते?’’ असे मी म्हणालो. तो म्हणाला, ‘‘बाबू, मळावर कथील धरत नाही.’’ आणि त्याने ते पातेले पुन्हा घासावयास घेतले.

पुढे अणुविद्युत केंद्रांविषयी वाचताना मला हे वाक्य आठवले. पालघर जिल्ह्यात समुद्रकाठी तारापूर येथे १९६९ साली भारतातील पहिले अणुविद्युत केंद्र सुरू झाले. अशा केंद्रात युरेनियमच्या अणूंचे विभाजन होऊन उष्णता निर्माण होते. त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते व वाफेच्या जोराने यंत्र फिरून वीज तयार होते. हे पाणी ज्या नळांतून खेळते, त्यांपैकी पुष्कळसे न गंजणाऱ्या पोलादाचे असतात. या पोलादात क्रोमियम असते. हवेशी संयोग पावून त्याचा अतिशय पातळ थर पृष्ठभागावर तयार होतो, व तोच पोलादाची ढाल होय.

परंतु मळ या ढालीचा वैरी आहे. साध्या लोखंडाच्या ब्रशाने हे पोलाद घासले, तर लोखंडाचे कण त्यात रुततात व तेथे गंज धरतो. म्हणून त्यासाठी वेगळी हत्यारे ठेवतात. मिठातील क्लोराइड तर अधिकच घातक! उष्णता व ताण यांची जोड मिळाली, की त्याने पोलादाला बारीक चिरा पडू शकतात. आपल्या बोटांच्या घामातही मीठ असते. म्हणून कारागीर स्वच्छ हातमोजे घालतात. गंमत अशी, की नवसागरातही क्लोराइड असते. कल्हईवाल्याचा जो मित्र, तो येथे शत्रू ठरतो!

सफाईचा क्रमही ठरलेला असतो. प्रथम तेल व ओशटपणा काढतात; कारण तेलाखाली आम्लाचे काही चालत नाही. मग आम्लाने जळकट पापुद्रा काढतात. त्यानंतर क्षाररहित पाण्याने भाग धुतात व पांढऱ्या फडक्याने पुसून पाहतात. फडक्यावर डाग उमटला, तर पुन्हा सफाई! शेवटी नळांची तोंडे झाकून ठेवतात.

इतकी काळजी कशासाठी? १९६६ साली अमेरिकेत डेट्रॉइट शहराजवळच्या फर्मी अणुकेंद्रात धातूच्या पत्र्याचा एक तुकडा आतल्या आत सुटला. तेथे उष्णता वाहून नेण्यासाठी द्रवरूप सोडियम वापरीत असत. तुकड्याने त्या प्रवाहाची वाट अडवली व काही इंधन वितळले. ते केंद्र पुन्हा सुरू होण्यास १९७० साल उजाडले. शिवाय, अणुभट्टीतून फिरणारे धातूचे सूक्ष्म कण किरणोत्सारी बनतात व नळांच्या कोपऱ्यांत साचतात. पुढे दुरुस्तीसाठी येणाऱ्या माणसाला त्यांच्यापासून अपाय संभवतो. एकाच्या आळसाची किंमत अशी दुसऱ्याला मोजावी लागते.

कल्हई चढल्यावर खालची घासणी कोणालाही दिसत नसे. नळ जोडून झाल्यावर आतली सफाईही कोणाला दिसत नाही. तरीसुद्धा सर्व काही तिच्यावरच उभे असते. मुलांनो, जे काम झाकले जाणार आहे, तेच अधिक निष्ठेने करावे.

शब्दार्थ : ओशटपणा – तेलकटपणा, क्षाररहित – ज्यातून क्षार काढून टाकले आहेत असे, पापुद्रा – पातळ थर.

प्रश्न :
१. कल्हईवाल्याने पातेले पुन्हा का घासले?
२. न गंजणाऱ्या पोलादाची ‘ढाल’ कोणती?
३. आम्लाने धुण्यापूर्वी तेल का काढावे लागते?
४. झाकले जाणारे, पण महत्त्वाचे असे तुमच्या गावातील एखादे काम पाहा व त्याविषयी दहा ओळी लिहा.