एसीची वेट सर्व्हिस: कॉइल धुवायची कशी, दर लावायचा कसा आणि ग्राहक टिकवायचा कसा

व्हिडिओमध्ये आपण स्प्लिट एसी उघडून दाखवला. पण हात ओले असताना व्हिडिओ मागे-पुढे करता येत नाही, म्हणून सगळ्या पायऱ्या इथे लिहून देतोय. शेवटी हिशोब आहे, तो सोडू नका. काम येणारे कारागीर भरपूर आहेत, पण कामाचा हिशोब येणारे कमी आहेत.

आधी समजून घ्या: घाण नक्की कुठे अडते?

एसीची कॉइल म्हणजे गाडीच्या रेडिएटरचीच बहीण. नळ्यांमधून गॅस फिरतो. नळ्यांवर ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्या असतात, त्यांना आपण फिन्स म्हणतो. या फिन्समधून हवा गेली तरच उष्णतेची देवाणघेवाण होते. दोन फिन्समधली फट जेमतेम एक-दोन मिलिमीटरची असते. ती बुजली की खेळ संपला.

इनडोअरची कॉइल थंड असते, त्यामुळे हवेतला ओलावा तिच्यावर पाणी होऊन बसतो. त्या पाण्याला धूळ चिकटते, स्वयंपाकघर जवळ असेल तर फोडणीचा तेलकटपणाही चिकटतो. मग बुरशी धरते आणि एसी लावला की कुबट वास येतो. आउटडोअरचं दुखणं वेगळं. तिथे रस्त्याची धूळ, कबुतरांची पिसं, कोकणात खारी हवा. तिथली कॉइल बुजली की उष्णता बाहेर पडत नाही, कॉम्प्रेसरवर ताण येतो, वीजबिल वाढतं आणि ऐन मे महिन्यात कॉम्प्रेसर ट्रिप होतो.

म्हणजे नुसती जाळी धुऊन "झाली सर्व्हिस" म्हणणं हे अर्धं कामसुद्धा नाही.

धुण्याआधीची तीन कामं

१. एसी चालू करून बघा. रिमोटवर सगळ्यात कमी तापमान आणि फुल फॅन ठेवून १५ मिनिटं चालवा. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान साध्या डिजिटल थर्मामीटरने मोजा आणि लिहून ठेवा. आवाज किंवा गळती आधीपासून असेल तर ग्राहकाला त्याच वेळी दाखवा. नंतर सांगितलं तर "तुम्हीच बिघडवलं" हे ऐकावं लागतं.

२. एमसीबी बंद करा. रिमोटने बंद म्हणजे बंद नव्हे. एमसीबी पाडल्यावरही आउटडोअरच्या कपॅसिटरमध्ये आणि इन्व्हर्टर एसीच्या पीसीबीवर करंट साठलेला असतो. किमान १० मिनिटं थांबा आणि त्यानंतरही त्या भागांना हात लावू नका. धुण्यासाठी तिथे हात घालायची गरजच नसते.

३. घर झाका. खाली पलंग असेल तर चादर, इनडोअरला सर्व्हिस कव्हर, त्याचा पाइप बादलीत. पीसीबी आणि वायरिंगच्या बाजूला प्लास्टिक घट्ट बांधा. भिंतीवर काळे ओघळ आले तर एसी कितीही गार पडू दे, ग्राहकाच्या लक्षात भिंतच राहते.

इनडोअर धुण्याचा क्रम

जाळ्या काढून नळाखाली धुवा आणि सावलीत ठेवा. कॉइलवरची सुटी धूळ मऊ ब्रशने काढा. ब्रश नेहमी फिन्सच्या दिशेने, म्हणजे उभा फिरवा. आडवा फिरवला तर फिन्स वाकतात आणि तुम्हीच वाट बंद करता.

मग सौम्य, ॲसिड नसलेलं कॉइल क्लीनर किंवा पातळ केलेला लिक्विड साबण फवारा. १० मिनिटं मुरू द्या. त्यानंतर जेट पंप कमी प्रेशरवर, साधारण एक फूट अंतरावरून, नोझल सरळ समोर धरून वरून खाली न्या. तिरका फवारा मारू नका.

ब्लोअर विसरू नका! कॉइलच्या मागे जो लांब गोल पंखा असतो, त्याच्या पात्यांत घाणीचा थर बसतो. एसी चालू आहे पण हवा लागत नाही, या तक्रारीचं कारण बऱ्याचदा तेच असतं. धुताना ब्लोअर एका हाताने अडवून थोडा थोडा फिरवा. जेटने तो भरारा फिरवला तर बेअरिंगला मार बसतो.

शेवटी ड्रेन ट्रे आणि पाइप. ट्रेमध्ये एक लिटर पाणी ओता आणि ते पाइपातून सरळ बाहेर पडतंय का ते स्वतः बघा. ही दोन मिनिटांची तपासणी चुकली की रात्री ग्राहकाचा फोन येतो, "अहो, एसीतून पाणी गळतंय!"

आउटडोअर

बहुतेक आउटडोअरमध्ये पंखा मागच्या कॉइलमधून हवा खेचून पुढे फेकतो. म्हणून कचरा कॉइलच्या बाहेरच्या अंगाला बसतो. झाकण काढता येत असेल तर वायरिंग आणि मोटर झाकून आतून बाहेर पाणी मारा, कचरा आला त्याच वाटेने निघतो. बाहेरून धुवायचं असेल तर प्रेशर कमी ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आउटडोअर खिडकीबाहेर ब्रॅकेटवर असेल तर सेफ्टी बेल्टशिवाय बाहेर पाय टाकायचा नाही. ब्रॅकेट गंजलेलं असेल तर बेल्ट असला तरी नाही. ग्राहक म्हणेल, "मागचा मुलगा तर सहज उतरला होता." उतरू दे. तुम्ही इनडोअरचेच पैसे घ्या आणि निघा. सहाशे रुपयांच्या कामासाठी जीव लावायचा नसतो.

ॲसिडचा मोह नको

काही जण फरशी धुवायचं ॲसिड पातळ करून कॉइलवर मारतात. फेस येतो, कॉइल चकाकते, ग्राहक खूश. पण ती चकाकी म्हणजे ॲल्युमिनियमचा वरचा थर खाल्ला गेल्याची खूण आहे. कॉस्टिक सोडाही ॲल्युमिनियमला तसाच खातो. फिन्स भुगा होऊ लागतात, पुढे नळीला भोक पडून गॅस जातो. आजची वाहवा आणि पुढच्या उन्हाळ्यातली शिवी, दोन्ही तुमच्याच नावावर.

"गॅस कमी आहे" कधी म्हणायचं?

एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत असतो. कमी झाला असेल तर गळती आहे, आणि गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं. इनडोअर कॉइलवर बर्फ दिसला तरी लगेच गॅसचं नाव घेऊ नका. हवा अडली तरी बर्फ धरतो. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी धुवा, मग मोजा, मग बोला.

धुऊन झाल्यावर जोडण्या कोरड्या आहेत याची खात्री करा, आधी फॅन मोड, मग कूलिंग, १५ मिनिटांनी पुन्हा तापमान. समजा आधी आत जाणारी हवा २८ आणि बाहेर येणारी २२ अंश होती, फरक ६. आता २७ आणि १६ आली, फरक ११. साधारण ८ ते १२ अंशांचा फरक मिळाला की काम नीट झालं समजा. दमट हवेत तो थोडा कमी येऊ शकतो. मग ग्राहकाला आकडा दाखवून सरळ सांगा:

"काकू, गॅस बरोबर आहे. कॉइल आणि ब्लोअर बुजले होते. हे आधीचं वाचन, हे आत्ताचं."

गॅसच्या नावाखाली त्या दिवशी दोन हजार जास्त मिळाले असते, हे खरं. पण या काकूंच्या सोसायटीत आणखी किती एसी आहेत ते मोजा. एक वाक्य तुम्हाला मजला मिळवून देतं किंवा अख्खी इमारत घालवतं.

हिशोब

समजा दर ६०० रुपये आणि दिवसाला ४ कामं. एका कामाचा खर्च असा:

- मदतनिसाची हजेरी ५००, म्हणजे कामामागे १२५
- पेट्रोल १६०, म्हणजे कामामागे ४०
- क्लीनर, कापड, प्लास्टिक २५
- जेट पंप ६,००० चा, ३०० कामं चालला असं धरून २०

एकूण २१०. हातात ३९० आणि दिवसाचे १,५६०. आता एक फुकटची फेरी मारावी लागली तर? त्या दिवशी एक काम कमी होतं. ६०० आत येत नाहीत, पण हजेरी आणि पेट्रोल द्यावंच लागतं. म्हणून ड्रेनची ती दोन मिनिटं ही तुमची सगळ्यात महागडी दोन मिनिटं आहेत.

दर ठरवताना शेजारच्याचा दर बघून ५० रुपये कमी करू नका. तो नुसती जाळी धुत असेल, तर तुमचं आणि त्याचं काम एक नाही. "जाळी-सफाई" आणि "पूर्ण वेट सर्व्हिस" असे दोन वेगळे दर कार्डावर लिहा. निवड ग्राहकाला करू दे.

या आठवड्याचा गृहपाठ

एक छोटं कार्ड छापून घ्या: तारीख, आधीचा फरक, नंतरचा फरक, पुढची सर्व्हिस कधी. एक प्रत ग्राहकाकडे, एक तुमच्या वहीत. होळीच्या आधी वही उघडा आणि जुन्या ग्राहकांना एकेक फोन लावा. उन्हाळा लागल्यावर सगळेच धावतात, तोवर तुमच्या तारखा भरलेल्या असतील.

पुढच्या भागात वार्षिक करार कसा लिहायचा ते बघू. तोपर्यंत एमसीबी बंद आणि डोळे उघडे!