हाताला चट्टे उठले, म्हणून केमिस्ट्री सोडायची का?

पिंप्राळ्यातल्या, जळगावातल्या पोरांनी केमिस्ट्री घेतली की डोळ्यांसमोर दोनच ठिकाणं असतात: इथलं बहिणाबाई चौधरी विद्यापीठ, नाहीतर अंकलेश्वर-वापीच्या कंपन्या. मग एम.एस्सी.च्या मध्यावर बोटांना खाज सुटून चट्टे उठले, की घरात एकच प्रश्न: "आता लाईन बदलायची का?" घाई करू नका. लपवू मात्र अजिबात नका.

ॲसिड कुणालाही भाजतं. ॲलर्जीचं तसं नाही; बिब्बा एकाला काही करत नाही आणि दुसऱ्याला उततो. शरीर आधी तो पदार्थ ओळखायला शिकतं, म्हणून कित्येक महिने काहीच होत नाही. एकदा ओळख पटली की चिमूटभरही पुरतो. "होईल सवय" हा वडीलधाऱ्यांचा सल्ला इथे नेमका उलटा पडतो. टायट्रेशनचं नारिंगी पोटॅशियम डायक्रोमेट या बाबतीत जुनं बदनाम. पेप्टाइड जोडणारी एचबीटीयू, एचएटीयू ही रसायनं त्याहून वाईट: कॅलिफोर्नियातल्या एका संशोधक विद्यार्थिनीला ती वारंवार हाताळून जिवावर बेतणारी ॲलर्जी झाली, आणि २०२० मध्ये तिने स्वतःच त्यावर शोधनिबंध लिहिला.

"ग्लोव्हज घातले होते की!" हे उत्तर पुरेसं नाही. पातळ नायट्राइलमधून डायक्लोरोमिथेन काही मिनिटांत आरपार जातं, ग्लोव्ह मात्र धडधाकट दिसतो. कधी गुन्हेगार ग्लोव्हच्या रबरातलाच असतो. मग ग्लोव्ह बदलला की भागतं. म्हणून नेमका गुन्हेगार ओळखायला त्वचारोगतज्ज्ञाकडे पॅच टेस्ट करा. पाठीवर पट्ट्या ४८ तास ठेवतात, काढल्यावर एकदा आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. जाताना हाताळलेल्या रसायनांची यादी न्या, बाटली नको. सेफ्टी डेटा शीटवर एच३१७ म्हणजे त्वचेची ॲलर्जी, एच३३४ म्हणजे श्वासाची. धाप लागत असेल, छातीत घरघर असेल, तर टेस्टची वाट न बघता काम थांबवा आणि डॉक्टर गाठा.

त्या रसायनाचं नाव कळलं की वाट सापडते. सिंथेसिस सोडून कॉम्प्युटेशनल केमिस्ट्री, पेटंटचं काम, कंपनीतलं रेग्युलेटरी किंवा क्वालिटी ॲश्युरन्सच्या कागदपत्रांचं टेबल. डिग्री तीच लागते. गाईडला तोंडी सांगून थांबू नका, मेल करा. कामचुकार म्हणतील ही भीती खरी आहे, पण लेखी नोंद असली की प्रोजेक्ट बदलून मागता येतो.

आणि पालकहो, ॲडमिशनआधी लॅब बघायला मागा. वाफा खेचणाऱ्या कपाटाच्या, म्हणजे फ्युम हूडच्या काचेखाली टिश्यू पेपरची पट्टी धरा. ती आत ओढली गेली नाही, तर फीचं नंतर बोला.