टेक्सासच्या कागदावर सही करण्याआधी

नारायण पेठ, पुणे

चि. छकुलीस,


तू पाठवलेला कागद दोनदा वाचला. ती तुझ्या नवऱ्याच्या घटस्फोटाच्या अर्जाची नुसती पोच नाही. टेक्सासात त्याला ‘वेव्हर ऑफ सर्व्हिस’ म्हणतात. नोटरीपुढे सही केलीस की रीतसर समन्स मिळण्याचा हक्क तू सोडलास. शिवाय खाली बारीक अक्षरात ‘मला पुन्हा न कळवता निकाल दिला तरी हरकत नाही’ असंही घातलं आहे. सही करू नकोस.

पण म्हणून कागद कपाटात टाकून गप्पही बसू नकोस. ‘अमेरिकेतला घटस्फोट आपल्याकडे चालतच नाही’ हे तुझे बाबा सांगतात ते अर्धंच खरं आहे. नवराबायकोपैकी एकजण राज्यात सहा महिने आणि त्या काउंटीत 90 दिवस राहिला असेल, तर तिथलं कोर्ट अर्ज दाखल करून घेतं. समन्स हाती पडून वीस दिवस उलटले की पुढच्या सोमवारी सकाळी दहापर्यंत उत्तर द्यावं लागतं. नाही दिलंस तर हुकूम एकतर्फी होऊ शकतो. मग डॅलसमध्ये तू घटस्फोटित आणि पुण्यात विवाहित. बँकेत, पासपोर्टसाठी, पुढं लग्न करायचं म्हटलं तर तेव्हा, जागोजागी ते आडवं येतं. असे संसार अधांतरी लटकलेले मी पाहिले आहेत, म्हणून जीव तुटतो.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानं हा प्रश्न दोनदा खोलात जाऊन तपासला. पहिला निकाल 1974 चा, न्या. यशवंतराव चंद्रचूडांचा. ते नूतन मराठी विद्यालयात शिकलेले, आपल्या पुण्याचेच. पत्नी जालंधरला आणि नवऱ्यानं नेवाडात घटस्फोट घेतला. तिथं सहा आठवड्यांचं वास्तव्य पुरत होतं. तो नेवाडात कायमचा राहणारा नव्हताच, कोर्टाला खोटं सांगून हुकूम मिळवला होता. तो इथं मानला गेला नाही. दुसरा निकाल 1991 चा, न्या. पी. बी. सावंतांचा. निवृत्तीनंतर तेही पुण्यातच राहिले. तिरुपतीत लग्न झालेल्या नवऱ्यानं मिझुरीत 90 दिवसांच्या वास्तव्यावर हुकूम आणला होता. लग्न ज्या कायद्यानं झालं, त्या कायद्यातल्या कारणावर आणि त्या कायद्यानं मानलेल्या कोर्टानंच घटस्फोट द्यावा, असं सावंतांनी ठरवून दिलं. अपवाद मात्र ठेवले. त्यातला एक नीट वाच: समोरच्यानं त्या हुकमाला संमती दिली, तर तो इथंही मानला जातो. तुझी सही म्हणजे तीच संमती ठरू शकते.

तुझ्या नवऱ्याच्या अर्जात कारण काय, तर एकत्र राहणं अशक्य झालं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 मध्ये तसं कारण नाही. केवळ लग्न मोडकळीला आलं म्हणून ते संपवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयापाशी आहे, कौटुंबिक न्यायालयापाशी नाही.

डोमिसाइलचं, म्हणजे कायद्यानं मानलेल्या कायमच्या वास्तव्याचं, विचारलंस. व्हिसावर इतकी वर्षं राहिलं म्हणून ते बदलत नाही, तिथंच कायमचं राहायचा इरादा सिद्ध व्हावा लागतो. स्वीडिश नागरिकत्व घेऊन पुढं सिडनीला गेलेल्या एका जोडप्याचा दावा वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयापासून 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नवऱ्याला ऑस्ट्रेलियाचं डोमिसाइल सिद्ध करता आलं नाही, आणि पत्नीचा अर्ज इथंच चालला. म्हणून जन्मगावचा धागा तुटला असं समजू नकोस. पण ग्रीन कार्डच्या अर्जात काय लिहिलं आहेस, ते मला खरं खरं सांग.

आता काय करायचं? तू स्वतः टेक्सासात राहतेस, त्यामुळं अधिकारक्षेत्राची हरकत तिथं फारशी टिकणार नाही. लेकीचा ताबा, घर, पोटगी यांसाठी तुला तिथं उभं राहावंच लागेल. चांगला वकील कर, आणि इथल्या कायद्याची बाजू मी त्याला लिहून देते. लेकीला घेऊन कोर्टाच्या परवानगीशिवाय विमानात बसू नकोस, कितीही भरून आलं तरी.

वेगळं होणं दोघांनाही हवं असेल, तर शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात कलम 13-ब खाली परस्पर संमतीचा अर्ज करा. लग्न पुण्यात लागलं, तेव्हा अधिकारक्षेत्राचा वाद नाही. वर्षभर वेगळे राहिलेले असायला हवेत, तेवढं तुमचं भरतं. त्याला हे आधी विचार. नाही म्हणाला तर कारण लेखी माग.

समन्स आलं तर लिफाफ्यावरच्या तारखेचा फोटो लगेच पाठव, रात्र असली तरी. तुझा लग्नाचा दाखला आईकडून मागवून घेतला आहे, त्याची साक्षांकित प्रत सोमवारी कुरियरनं निघेल.

तुझी,
आत्या