धारण तलावाची झाडं पावसाळ्याकडे पाहून निवडू नका

मोठ्या गृहसंकुलाच्या आराखड्यात हल्ली कुठल्यातरी सखल कोपऱ्यात एक निळा आकार दाखवलेला असतो. गच्च्यांवरून, रस्त्यांवरून, पार्किंगच्या फरशीवरून धावत येणारं पावसाचं पाणी तिथं तात्पुरतं थोपवायचं आणि मग बारीक नळीतून सावकाश ओढ्यात सोडायचं, एवढंच त्याचं काम. नवी मुंबईत अशा रचनेला धारण तलाव म्हणतात, तोच शब्द मी इथं वापरतो. 25 सप्टेंबर 2019च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुरानंतर निदान पुण्यात तरी या तलावांची गरज कुणाला पटवून द्यावी लागू नये. अडचण खोदकाम संपल्यावर सुरू होते. तलावात आणि काठाला काय लावायचं याचा निर्णय अगदी शेवटी, नर्सरीत त्या दिवशी जे मिळेल त्यावर होतो. मग दोन-तीन वर्षांत त्या जागेची एकतर कचऱ्याने भरलेली दलदल होते, नाहीतर भेगाळलेला उघडा खड्डा. असे तलाव पाहून माझं एक ठाम मत झालं आहे: आपण पाण्याची जागा म्हणून पाण्यातली झाडं शोधतो आणि तिथंच फसतो.

पुण्यात वर्षाला साधारण 700 ते 750 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते ऑक्टोबर एवढ्या काळात. नीट बांधलेला धारण तलाव मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवसांत रिकामा झाला पाहिजे, कारण पुढच्या पावसासाठी जागा मोकळी नसेल तर त्याचा उपयोगच नाही. म्हणजे ऐन पावसाळ्यातही त्याचा तळ बहुतेक दिवस फक्त ओला असतो, पाण्याखाली मोजकेच दिवस जातात. नोव्हेंबरनंतर माती सुकू लागते आणि काळी माती असेल तर एप्रिलपर्यंत हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. तिथल्या रोपाला दोन टोकाच्या गोष्टी सोसाव्या लागतात. दोन-तीन दिवस गळ्यापर्यंत पाणी, त्यात मातीतला ऑक्सिजन संपलेला आणि वरून गाळाचा थर. त्यानंतर सहा-सात महिने थेंबही नाही. कमळ पहिल्या परीक्षेत उत्तम उतरतं, दुसरीत दिवाळीनंतर मरतं. कर्दळ टँकरच्या पाण्यावर जगवावी लागते. लॉनचं तसंच, आणि गाळ बसला की ते पिवळं पडतं ते वेगळंच. दोन परीक्षांपैकी अवघड कोरडी आहे, म्हणून निवड उन्हाळ्यापासून सुरू करावी आणि मग उरलेल्यांतून पाणी सोसणारी वेगळी काढावीत. प्रत्यक्षात हे नेमकं उलट क्रमाने होतं.

या दोन्ही परीक्षा पास झालेल्या वनस्पती आपल्याकडे मुबलक आहेत, कारण दख्खनचा जवळजवळ प्रत्येक ओढा असाच वागतो: चार महिने फोफावतो आणि मार्चमध्ये त्याच्या पात्रातून वाट पडते. कासच्या पठारावरच्या उथळ डबक्यांत वायतुरा उगवतो, तो उन्हाळाभर कंदाच्या रूपात जमिनीत पडून राहतो. (तो तिथलाच, मोजक्या पठारांवरचा आहे. तो उपटून आणून आपल्या तलावात लावणं हा गुन्हा मानावा, कायदा काहीही म्हणो.) वायतुरा जे करतो तेच आपल्या शेतातले दोन बदनाम रहिवासी करतात, हरळी आणि लव्हाळा. शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याशी भांडत आला आहे. हरळीची खोडं जमिनीखालून धावतात, लव्हाळ्याच्या गाठी कोरड्या मातीत थांबून राहतात आणि नांगर फिरला तरी पुन्हा फुटतात. ज्या चिवटपणामुळे ती शेतात नकोशी होतात, तोच तलावाच्या तळाला हवा आहे. त्यांच्या जोडीला तालिमखाना घ्यावा. पावसानंतर सुकत जाणाऱ्या खाचरांच्या आणि डबक्यांच्या कडेला तो आपणहून येतो, पाऊस सरताना जांभळा फुलतो, आणि काटेरी असल्याने गुरं त्याला तोंड लावत नाहीत.

मांडणी पाण्याच्या पातळीवरून ठरते, शोभेवरून नाही. पाणी आत येतं तिथं त्याला सर्वांत जास्त वेग असतो आणि सर्वांत जास्त गाळही तिथंच पडतो. त्या तोंडाशी दगडी पिचिंग केलेलं एक लहान गाळकुंड ठेवावं, जेसीबी उतरू शकेल असं, आणि त्यात काहीही लावू नये. त्याच्या पुढच्या दगडांच्या फटींत शेरणी लावावी. सह्याद्रीतल्या ओढ्यांच्या खडकाळ पात्रात ती पुराच्या लोंढ्यात वाकते, मोडत नाही, आणि पाणी आटल्यावर त्याच खडकात टिकून राहते. तळाला हरळी, लव्हाळा, तालिमखाना. उताराच्या खालच्या अर्ध्या भागात, जिथं पाणी चढतं आणि उतरतं, तिथं वाळ्याचे ठोंब आडव्या ओळीत, म्हणजे उताराला समांतर नव्हे तर त्याला छेदून लावावेत. वाळ्याची मुळं खोल, चांगल्या मातीत तीन मीटरपर्यंतही जातात, आणि ओळ घट्ट झाली की तिच्यामागे गाळ अडून आपोआप पायरी तयार होते. वरच्या अर्ध्यात मारवेल गवत आणि मधूनमधून निरगुडी. काठावर, पाण्याच्या सर्वांत वरच्या रेषेच्याही बाहेर, मूळच्या जमिनीवर करंज, अर्जुन, जांभूळ. आणि जिथं ओल जास्त टिकते तिथं वाळुंज. उंबर हवाच असेल तर नळ्यांपासून आणि बांधकामापासून चांगला लांब. ही यादी पुण्यासारख्या पावसाच्या गावासाठी आहे. इथून पश्चिमेला ताम्हिणीकडे गेलं की पावसाचा आकडा कित्येक पटींनी वाढतो, तिथं आणि कोकणात ती जशीच्या तशी उचलू नये. आपल्याच ओढ्याच्या काठाने मे महिन्यात चालत जावं आणि काय जगलेलं आहे ते लिहून घ्यावं.

तलावाला एका बाजूने मातीचा भराव घातलेला असेल तर त्यावर एकही झाड नको. लोक मला हमखास विचारतात, मुळं माती धरून ठेवतात ना, मग झाड का नको? जिवंत असेपर्यंत ती धरतात. झाड वाळलं की जाड मुळं कुजतात आणि भरावातून पलीकडे जाणारी पोकळ वाट मागे राहते. तलाव भरला की पाणी तीच शोधतं आणि माती बरोबर घेऊन बाहेर पडतं. वादळात झाड मुळासकट उपटलं तर भरावाचा लचकाच निघतो. म्हणून भरावावर फक्त गवत, आणि त्याच्या पायथ्यापासून निदान पाच मीटर अंतरावर पहिलं झाड. सांडव्यावरही तेवढीच कडक नजर हवी. पाणी बाहेर जाण्याच्या तोंडावर पानगळ करणारं झाड उभं असेल, तर मार्च-एप्रिलमध्ये पडलेला पाला जूनच्या पहिल्या पावसात थेट जाळीवर येऊन बसतो.

देशी म्हणजे चांगलं, असं समीकरण मांडणाऱ्यांशी मात्र मी सहमत नाही. पाणकणीस अस्सल देशी आहे. सांडपाणी मिसळलेल्या तलावात ते दोन वर्षांत कडेपासून कडेपर्यंत भिंत उभी करतं, गाळ धरतं आणि तलावाची साठवण खाऊन टाकतं. याचा मोठा धडा नवी मुंबईने दिला आहे. खाडीकाठच्या सखल जमिनीवर शहर वसवताना सिडकोने डच पद्धतीचे धारण तलाव बांधले. भरतीच्या वेळी झडपा बंद राहून पावसाचं पाणी तलावात थांबायचं आणि ओहोटीला खाडीत जायचं. पुढे त्यांत गाळ साचला आणि त्या गाळावर खारफुटी आपणहून रुजली. खारफुटी देशी आहे, मोलाची आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनी तिला संरक्षण आहे, ते योग्यच आहे. पण त्यामुळे गाळ काढायचा कसा, हा पेच कित्येक वर्षं पडून राहिला. तिथं कुणी चुकीचं झाड लावलं नव्हतं. गाळ वेळेवर काढला नाही आणि मोकळी जागा ज्याला सापडली त्याने घेतली. तलाव रिकामा ठेवणं हाही निवडीचाच एक प्रकार आहे, फक्त निवड दुसरा कुणीतरी करतो. गावातल्या तलावात तो दुसरा बहुधा बेशरम असतो, आणि सांडपाणी येत असेल तर जलपर्णी. म्हणूनच सांडपाण्याची एकही लाइन तलावाला जोडलेली नाही, याची खात्री रोपं आणण्याआधी करावी. झाडं पाणी शुद्ध करतील या भरवशावर ती जोडणारे आर्किटेक्ट आहेत. धारण तलाव हा सांडपाणी प्रकल्प नव्हे, आणि बारमाही ओला झालेल्या तलावाला वरची सगळी यादी लागूच पडत नाही.

डासांची भीती खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नये. आपल्या उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात. तलाव तीन दिवसांत रिकामा होत असेल तर त्यातून डास निघत नाहीत. निघतात ते तळाच्या खाचखळग्यांत उरलेल्या डबक्यांतून. तेव्हा उपाय झाडं काढणं हा नाही, तळाला पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीकडे एकसारखा उतार देणं हा आहे. चतुर डास खातील म्हणून तलाव चतुरांसाठी राखा, असाही सल्ला दिला जातो; पण चतुराच्या पिल्लांना कित्येक आठवडे पाणी लागतं, तेवढं इथं नसतं. सापांबद्दलही खोटा दिलासा देऊ नये. घोणस गवतात राहते. पायवाटेच्या दोन्ही बाजूंनी दोन-दोन मीटर गवत कायम आखूड ठेवावं आणि कचरा साचू देऊ नये, कारण कचऱ्याने उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. राहिला प्रश्न दिसण्याचा. तलाव मार्चमध्ये तपकिरी दिसेल, मागच्या टेकडीसारखाच. हिरवाई हवी असेल तर ती काठाने द्यावी. एप्रिलमध्ये करंजाला येणारी चकचकीत पालवी लॉनपेक्षा कितीतरी डोळ्यांत भरते, आणि तिला टँकर लागत नाही.

सगळं काँक्रीटने बांधून टाका, गाळ काढायला सोपं, असंही म्हटलं जातं. सोपं आहे खरं, आणि म्हणूनच गाळकुंड पक्कं करायला मी सांगितलं. पण बाकीचा तळ पक्का केला तर जिरणारं पाणी जिरत नाही.

रोपं मिळत नाहीत ही तक्रार अर्धी खरी आहे. करंज, जांभूळ, अर्जुन सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत मिळतात, वाळ्याचे ठोंब सहज मिळतात, निरगुडी आणि वाळुंज फांदीवरून लागतात. मारवेलचं आणि तालिमखान्याचं बी मात्र आधीच्या हिवाळ्यात गोळा करून ठेवावं लागतं. ओढ्याकाठची झाडं खणून आणू नयेत. वेळेबाबत मी रूढ पद्धतीच्या विरोधात आहे. जूनच्या पहिल्या पावसात वृक्षारोपण हे काठावरच्या झाडांसाठी ठीक. तळात आणि उतारावर त्या वेळी लावलेलं रोप पहिल्याच मोठ्या पावसात वाहून जातं. उतारावरचे ठोंब फेब्रुवारीतच लावून पावसापर्यंत पाणी द्यावं. तळातली लागवड परतीचा पाऊस गेल्यावर, माती ओली असताना करावी, आणि पहिला उन्हाळा हाताने पाणी घालावं.

ठेकेदाराला लावलेल्या रोपांच्या संख्येवर पैसे दिले की तो संख्या लावतो. त्याऐवजी बिलाचा मोठा हप्ता तिसऱ्या पावसाळ्यानंतर तळ आणि उतार किती झाकला आहे, यावर ठेवावा. गवत बी पडल्यावर, डिसेंबरात, एकदा कापून चारा म्हणून द्यावं, म्हणजे उन्हाळ्यात वणव्याला खाद्य उरत नाही. गाळकुंडात मीटरच्या खुणा केलेला एक खांब रोवावा. गाळ अर्ध्यावर आला की काढायचा, हे लेखी ठरवून. आणि सांडव्याची जाळी मेअखेर आणि त्यानंतर प्रत्येक मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी उघडून पाहणारा माणूस कोण, त्याचं नाव सोसायटीच्या देखभाल करारात असावं.