राखलेल्या मूत्रपिंडाची निगराणी

लघवीवाटे रक्त जावे आणि वेदना मात्र मुळीच नसावी, या लक्षणाइतके फसवे लक्षण दुसरे नसेल. मला ते प्रथम दिसले तेव्हा उन्हाळी लागली असे समजून औषध देण्यात आले, दोन दिवसांत रक्त थांबले, आणि घरची मंडळी निर्धास्त झाली. परंतु आपोआप थांबणे व काही काळाने पुन्हा दिसणे हा या व्याधीचा स्वभावच होय. पुढे सीटी युरोग्राफी झाली, तेव्हा मूत्रपिंडातील लघवी मूत्रवाहिनीत उतरवणाऱ्या नरसाळ्यासारख्या पोकळीत लहानशी गाठ आढळली; ती कर्करोगाची होती.

अशा कर्करोगात मूत्रपिंड, मूत्रवाहिनी व तिच्या मुखाभोवतीचा मूत्राशयाचा भाग काढून टाकणे ही प्रस्थापित शस्त्रक्रिया होय, आणि उग्र जातीच्या गाठीला सामान्यतः तीच इष्ट. मात्र गाठ एकच, २ सेंटिमीटरहून लहान व सौम्य जातीची असेल, खोलवर शिरलेली नसेल आणि लघवीच्या तपासणीत उग्र पेशी नसतील, तर मूत्रपिंड राखता येते. म्हणून संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी, दुर्बिणीतून तुकडा काढून गाठीची जात ठरवणे आपल्या बाबतीत शक्य आहे काय, हे प्रत्येकाने अवश्य विचारावे.

माझी गाठ कोठेही छेद न घेता, मूत्रमार्गातूनच लवचीक दुर्बीण वर नेऊन लेझरने जाळण्यात आली. मूत्रवाहिनी तुंबू नये म्हणून आत ठेवलेल्या डीजे स्टेंटमुळे लघवी करताना कमरेत वरपर्यंत कळ जाई; ती अपेक्षितच असते, हे आधी ठाऊक असल्यास धीर राहतो. अशा सौम्य गाठींवर अमेरिकेत २०२० साली मान्यता मिळालेले मायटोमायसिनचे एक औषधही आहे; ते थंड असता पातळ आणि शरीराच्या उष्णतेने घट्ट होऊन आतल्या पोकळीत काही तास टिकते. परंतु त्याने मूत्रवाहिनी आकसण्याचा धोकाही असतो.

खरी कसोटी यानंतरची. हा रोग त्याच बाजूला किंवा खाली मूत्राशयात पुन्हा उद्भवण्याचा संभव मोठा, त्यामुळे दोन महिन्यांच्या आत फेरतपासणी, व पुढे वर्षानुवर्षे दुर्बीण, लघवीची तपासणी आणि सीटी यांच्या तारखा कसोशीने पाळाव्या लागतात. तंबाखू कायमची वर्ज्य. एका ठरल्या तपासणीत, काडीइतकाही त्रास नसताना, माझ्या मूत्राशयात नवी वाढ सापडली व वेळीच काढता आली. प्रकृती ठीक वाटते म्हणून ती तारीख तहकूब ठेवली असती तर काय झाले असते, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो. पुढे कधी उग्र पेशी आढळल्या, तर हे मूत्रपिंडही काढावे लागेल, असे डॉक्टरांनी प्रथमच बजावले आहे. तसे झाल्यास विलंब करू नये, हे मी मुलांना लेखी कळवून ठेवले असून सर्व अहवालांचे दप्तर थोरल्या मुलीच्या हवाली केले आहे.