आधी खडकाशी बसावे

हैदराबादेत राहून वनस्पतींची पाहणी करतो म्हटले की नांदेडकडचे नातेवाईक हमखास विचारतात, "तिथे बिर्याणी आणि कंपन्या सोडून उगवतं काय?" मी उत्तरासाठी बिर्याणीच्याच मसाल्यात हात घालतो. त्यातला 'पत्थर का फूल' म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातले दगडफूल. ते ना फूल, ना सरळ अर्थाने वनस्पती. ते शैवाक आहे, म्हणजे कवक आणि शैवल यांचा एकत्र संसार. १८६७ च्या सुमारास सिमोन श्वेंडेनर या स्विस संशोधकाने ही भागीदारी प्रथम मांडली, तेव्हा त्या काळच्या नामवंत शैवाकतज्ज्ञांनी त्याला वेड्यात काढले होते.

वनस्पतिशास्त्र शिकवता शिकवता मला शहराच्या आसपासच्या खडकाळ माळांवर झाडे, शैवाके आणि कवके यांची एकत्र नोंद करण्याचा नाद लागला. त्यातून हाती लागलेल्या काही गोष्टी सांगतो.

१. बेगम बाजारातून सुरुवात करा

नव्या विद्यार्थ्याला मी थेट रानात नेत नाही. बेगम बाजारातून पावशेर दगडफूल आणायला सांगतो आणि ते वर्तमानपत्रावर पसरून निवडायला बसवतो. एका पुडीत सहसा एकाच जातीचा माल नसतो. वरून राखाडी, खालून काळे, कडेला केस असलेले वेगळे काढायचे, नसलेले वेगळे. भिंगाखाली कुठे पिठासारखी पूड दिसते, कुठे बारीक दांड्या. तासाभरात मुलाच्या लक्षात येते की 'दगडफूल' या एका नावाखाली पार्मोट्रेमा आणि त्याच्या भाऊबंदांच्या कितीतरी जाती आहेत.

हा माल हैदराबादचा नव्हे. तो हिमालयाच्या उतारांवरून आणि दक्षिणेतल्या डोंगरी जंगलांतून येतो. अशा रुंद पानांच्या शैवाकांना धुके लागते. दाढीसारखी लोंबणारी शैवाके तुम्हाला महाबळेश्वरला भेटतील. इथल्या कोरड्या उन्हात टिकतात ती मुख्यतः दगडाला खवल्यासारखी घट्ट चिकटलेली, नखाने निघत नाहीत अशी. ती पाहायची तर पुढचा नियम.

२. आधी खडकाशी बसावे

हैदराबादचा ग्रॅनाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा आहे. आपला मराठवाड्याचा काळा बसाल्ट जेमतेम साडेसहा कोटींचा, म्हणजे याच्यापुढे अगदीच लहान. ऊन-पावसाने इथल्या खडकांचे थरामागून थर सुटत गेले आणि एकावर एक ठेवल्यासारखे गोल धोंडे उरले. लोक त्यांच्यासमोर उभे राहून फोटो काढतात. मी म्हणतो, बसा. उभ्याने बघणाऱ्याला खडक राखाडी दिसतो. बसलेल्याला त्यावर पिवळा, नारिंगी, पांढरा, शेवाळी हिरवा, काळा असे डाग दिसू लागतात, आणि प्रत्येक डागाला स्वतःची हद्द असते. दोन वसाहती जिथे भिडतात तिथे बारीक काळी रेघ दिसते.

धोंड्याच्या अंगावरून वरून खाली उतरलेले काळे पट्टे पाहिलेत का? पुष्कळांना ते काजळी किंवा डांबर वाटते. पावसाचे पाणी ज्या वाटेने ओघळते तिथे सायनोबॅक्टेरिया वाढतात आणि त्यांच्यासोबत पेल्ट्युलासारखी काळपट शैवाके, पट्टे त्यांचे. खडकाची उत्तर बाजू आणि दक्षिण बाजू वेगवेगळी नोंदवा. माथा आणि पायथा वेगळा. भेगेत माती साठली असेल तर तिथे गवत, सीताफळ, कधी पांढऱ्या खोडाचा कांडोळ. पावसाळ्यात पाणी झिरपते अशा सपाट खडकावर दवबिंदू आणि सीतेची आसवे या चिमुकल्या कीटकभक्षी वनस्पती शोधाव्यात. एक धोंडा नीट पाहायला सकाळ पुरत नाही.

सोबत पाण्याची फवारणीची बाटली ठेवा. कोरडे शैवाक मेल्यासारखे करडे असते. दोन फवारे मारले की मिनिटभरात त्यातले शैवल हिरवे दिसू लागते. विद्यार्थ्यांवर याचा जितका परिणाम होतो तितका माझ्या कुठल्याही व्याख्यानाचा झालेला नाही.

या खडकांसाठी शहरात 'सोसायटी टू सेव्ह रॉक्स' ही संस्था १९९६ पासून झगडते आहे, आणि काही खडकरचना वारसा यादीत आल्या त्या अशाच रेट्यामुळे. तरी सुशोभीकरणाच्या नावाखाली धोंडे रंगवण्याची हौस काही जात नाही. वाघ, फुलपाखरे, घोषणा. ऑइलपेंटचा एक हात म्हणजे वर्षाला मिलिमीटरच्या हिशेबाने वाढलेल्या वसाहतींचा शेवट. मला हा शुद्ध अडाणीपणा वाटतो.

३. तीन माणसे, तीन चाली

भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांतले अभ्यासक एकत्र मोहिमा काढतात तेव्हा फुलझाडांचा, शेवाळांचा, शैवाकांचा आणि कवकांचा जाणकार एकाच भूमीवर फिरतो. आपल्याकडे ही चार खाती एकमेकांशी क्वचितच बोलतात. मी निदान तिघांना सोबत नेण्याचा हट्ट धरतो. फुलझाडवाला झपाझप पुढे जातो, शैवाकवाला पहिल्याच धोंड्याशी अडकतो आणि कवकवाला पालापाचोळा उकरत भलतीकडे निघून जातो. तिघांना एकत्र ठेवणे हा वैताग आहे. पण संध्याकाळी तीन वह्या शेजारी ठेवल्या की कळते, हे कवक फक्त याच झाडाच्या पडलेल्या फांदीवर आहे, ते शैवाक फक्त त्या सालीवर. निलगिरीची साल सोलून पडते म्हणून तिच्यावर शैवाक टिकत नाही. आंब्याची साल वर्षानुवर्षे जागेवर राहते म्हणून तिच्यावर भरपूर. एकट्याच्या वहीत ही नाती येत नाहीत.

४. पावसाचे वेळापत्रक इथलेच धरा

पुस्तके बहुतेक युरोपात लिहिलेली, त्यामुळे 'कवकांचा हंगाम शरद ऋतू' असे वाचून मुले ऑक्टोबरची वाट बघत बसतात. भूमध्य प्रदेशात उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात. म्हणून तिथे पहिल्या पावसासोबत शरदात कवके आणि वसंतात फुले. त्या मुलखात सुमारे पंचवीस हजार जातींच्या वनस्पती आहेत आणि त्यांतल्या निम्म्या जगात दुसरीकडे कुठेही नाहीत, तरी त्यांचे कॅलेंडर आपल्या कामाचे नाही.

हैदराबादेत वर्षाला आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बराचसा जून ते सप्टेंबर. पहिल्या चांगल्या सरींनंतर वारुळांवर लक्ष ठेवा. वाळवी जमिनीखाली ज्या कवकाची शेती करते त्याच्या छत्र्या वर येतात. विदर्भात त्यांना टेकोडे म्हणतात, इथे पुट्टगोडुगुलु. कुठल्या वारुळावर कधी येतात हे माझ्या वहीपेक्षा शेळ्या राखणाऱ्या अम्मांना अधिक ठाऊक असते, त्यांना विचारा. ऑगस्ट-सप्टेंबर खडकावरच्या इवल्या वनस्पतींचा. मग बतुकम्मा हा फुलांचा सण येतो. बायका माळावरून तरवडाची पिवळी फुले आणि कुरडूचे तुरे गोळा करतात. त्यांच्यामागून फिरले तर कुठला माळ अजून शाबूत आहे हे आपोआप कळते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळीनंतर पळस आणि गणेर फुलतात.

आणि भर उन्हाळा? तो शैवाकांचा. गवत वाळलेले, पाने गळलेली, साल आणि दगड उघडे. सकाळी सहा ते नऊ काम करा आणि घरी या.

५. कागदात कंजूषी नको

शैवाक आणि कवक प्लास्टिकच्या पिशवीत घालू नये. घाम येऊन सडतात. कागदी पाकीट हवे. छत्रीचे कवक गोळा केल्यावर टोपी रात्रभर अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर पालथी ठेवा. सकाळी बीजाणूंचा ठसा मिळतो आणि त्याचा रंग ओळखीला लागतो. वास आणि रंग जागेवरच लिहा, वाळल्यावर दोन्ही जातात. खडकावरचे शैवाक छिन्नीने कपचीसह काढावे लागते, म्हणून नखाएवढेच काढा, आणि राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय अजिबात नाही. कासू ब्रह्मानंद रेड्डी उद्यानात मी फक्त भिंग घेऊन जातो. तिथे सकाळी फिरायला येणारे थांबून विचारतात, "क्या देख रैं साब पत्थर में?" भिंग त्यांच्या हाती द्यावे.

झाडांचे नमुने दाबायला जुनी वर्तमानपत्रे उत्तम, पहिले काही दिवस रोज बदलावीत. माझ्याकडच्या गठ्ठ्यांत तेलुगू, उर्दू आणि मराठी अशा तिन्ही भाषांतल्या बातम्या वाळलेल्या आहेत.

६. जुन्या चिठ्ठीवरचे 'हैदराबाद' तपासून घ्या

थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याची वनस्पतिसंपदा लिहिली. गॅम्बल यांनी १९१५ पासून मद्रास इलाख्याची सुरू केली, ती १९३६ मध्ये पुरी झाली. निजामाचे राज्य दोन्हींच्या मध्ये राहून गेले. उस्मानिया विद्यापीठातल्या सईदुद्दीन यांच्यासारख्यांनी १९३० च्या दशकात इथल्या फुलझाडांवर लिहायला सुरुवात केली. पुढे मराठवाड्याचा भाग व्ही. एन. नाईक यांच्या १९९८ च्या ग्रंथात आला आणि तेलंगणाचा पुल्लय्या यांच्या २०१५ च्या खंडांत.

त्यामुळे जुन्या नमुन्यावर 'हैदराबाद राज्य' असे दिसले तर ते झाड परभणीचेही असू शकते, कारण १९५६ पर्यंत मराठवाडा त्याच राज्यात होता. नुसते 'हैदराबाद' असेल तर सिंधमधलेही असू शकते. आपण चिठ्ठी लिहाल तेव्हा गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, तारीख आणि ते कशावर उगवले होते हे सगळे लिहा. जिल्ह्यांच्या हद्दी बदलतात, तेलंगणात तर २०१६ मध्ये सरसकट बदलल्या.

शैवाकांसाठी मराठी माणसाला पुण्याचा आधार आहे. शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी १९४६ मध्ये उभारलेल्या संस्थेत, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, पटवर्धन आणि ऊर्मिला मखीजा यांनी शैवाकांचे मोठे काम केले. तिथला अजरेकर कवक-संग्रह देशातल्या महत्त्वाच्या संग्रहांत मोडतो. ओळख पटत नसेल तेव्हा इंटरनेटवरचे चित्र जुळवण्यापेक्षा अशा संग्रहातला नमुना पाहिलेला बरा.

७. 'खाता येतं का?'

हा प्रश्न प्रत्येक छत्रीपाशी येतो. माझे उत्तर ठरलेले: मी सांगणार नाही.

८. यादी भांडणाच्या आधी हवी

ऑक्टोबर २०१२ मध्ये जगभरातले प्रतिनिधी जैवविविधता परिषदेसाठी याच शहरात जमले होते. २०१६ मध्ये अमीनपूर तलावाला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. आणि मार्च २०२५ अखेर हैदराबाद विद्यापीठालगतच्या कंचा गच्चीबावलीच्या सुमारे चारशे एकरांवर बुलडोझर चालले. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, ३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोड थांबवली. त्या दिवसांत सगळ्यांना एकच गोष्ट हवी होती: तिथे काय काय आहे याची यादी. पक्ष्यांची होती, हरणांची होती, झाडांचीही होती. शैवाकांबद्दल मला कोणी विचारले नाही.

जमीन वादात सापडली की आत जाता येत नाही, आणि घाईत केलेल्या यादीवर समोरचा वकील सहज बोट ठेवतो. वाद नसताना, तारखेसह, नमुन्यासह केलेली यादीच टिकते. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेच्या जैवविविधता समितीने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. मी पाहिलेल्या नोंदवह्यांत पिके आणि झाडे भरलेली असतात, कवकांचे पान बहुधा कोरे आणि शैवाकांचे तर पानच नसते. घाणेरी, गाजरगवत, सीताफळ ही बाहेरून आलेली मंडळीही नोंदवा. पन्नास वर्षांनी कोणाला तरी ती कधी पसरली हे हवे असेल.

तुम्ही हैदराबादेत असा वा हिंगोलीत, घराजवळ एक खडक किंवा एक जुना आंबा नक्की असेल. या जूनपासून पुढच्या जूनपर्यंत त्याच्यावर काय काय येते ते तारखेनिशी लिहा, फोटोत मोजपट्टी ठेवा, आणि वही पुरी झाली की एक प्रत गावाच्या जैवविविधता समितीला देऊन पोच घ्या.